सात वावग्या ओळी

दादांनी कपाट उघडलं, बोट लावून पुस्तकं मोजली आणि सहावर थांबले. पुन्हा पहिल्यापासून मोजली. पुन्हा सहाच.

"पाचवं कुठं आहे?" त्यांनी कपाटालाच विचारल्यासारखं विचारलं.

वडिलांच्या, म्हणजे आप्पांच्या, सात कादंबऱ्यांच्या पहिल्या आवृत्त्या त्या काचेच्या कपाटात असत आणि कपाटाची किल्ली दादांच्या खिशात असे. आता चौथ्या पुस्तकाच्या पुढं बोटभर फट होती, आणि सहावं पुस्तक त्या फटीत कललं होतं, गाडीत झोप लागलेल्या माणसानं शेजाऱ्याच्या खांद्यावर मान टाकावी तसं.

दादांचे धाकटे भाऊ नाना यांनी चष्मा काढून पुसायला घेतला. चष्मा स्वच्छच होता. त्यांचं वय एकाहत्तर, आणि त्यातली सत्तेचाळीस वर्षं दुसऱ्यांच्या मजकुरातल्या चुका काढण्यात गेली होती. घरात काही बिनसलं की त्यांना आधी वाटायचं, आपल्याच नजरेतून काहीतरी सुटलं असणार. आज नुसतं वाटण्याचा प्रश्न नव्हता. आज ते लेखी आलं होतं.

टेबलावर दोन कागद पडले होते. एक, आप्पांच्या कादंबऱ्यांचा अभ्यास करणाऱ्या एका बाईंनी प्रकाशकाला लिहिलेलं पत्र. दुसरा, ते पत्र वाचून धास्तावलेल्या प्रकाशकानं पाठवलेलं प्रतिज्ञापत्र: सातही कादंबऱ्यांचे एकमेव लेखक आमचे वडील होत, दुसऱ्या कुणाचा त्यात हात नाही. खाली तिघा भावंडांच्या सह्यांसाठी तीन रेघा. सह्या मिळाल्या की समग्र खंड छापायला जाणार. प्रकाशकाचा संपादक चार वाजता कागद न्यायला येणार होता. आता साडेतीन वाजायला आले होते.

"बेबी, वाच ते पुन्हा," दादा म्हणाले.

"तीनदा वाचलंय बाबा."

"चौथ्यांदा वाच. कुणाचा चेहरा कधी बदलतो ते बघायचंय मला."

बेबी म्हणजे दादांची मुलगी. वय अठ्ठेचाळीस, कॉलेजात शिकवायची, तरी घरात बेबीच. तिनं पत्र उचललं आणि वर्गात वाचतात तसं सरळ आवाजात वाचलं. "पहिल्या आवृत्तीत प्रत्येक कादंबरीत एक ओळ अशी आहे, की जिचा कथेशी काही संबंध नाही. दुसऱ्या आवृत्तीपासून ती गायब झाली आहे. या ओळी लिहिणाऱ्याच्या नसून बोलणाऱ्याच्या वाटतात. कुणीतरी ही पुस्तकं तोंडी सांगत होतं, दुसरं कुणीतरी उतरवून घेत होतं, आणि सांगणाऱ्याचं मधलंच एखादं घरगुती वाक्य कागदावर आलं, असा माझा तर्क आहे. सांगणारी व्यक्ती घरातली बाई असावी. माझा प्रश्न एवढाच, की या सात ओळी नंतर कुणी काढल्या आणि काय लपवण्यासाठी काढल्या?"

"घरातली बाई," दादा म्हणाले. "म्हणजे आई. जिला सहीसुद्धा करता येत नव्हती."

"सही येत नव्हती कारण उजव्या हाताची दोन बोटं छपाईच्या ट्रेडल यंत्रात गेली होती," खिडकीशी बसलेली अक्का म्हणाली. अक्का ऐंशीची, तिघांत थोरली. काठी मांडीवर आडवी धरून ती रस्त्याकडे बघत होती. "अडाणी नव्हती ती. आप्पांच्या आधी छपाईचे खिळे जुळवायला तीच बसायची."

"मी अडाणी म्हणालो का?"

"म्हणाला नाहीस. आवाजात होतं."

तळमजल्यावर एके काळी घरचा छापखाना होता. आता तिथं चष्म्यांचं दुकान होतं. अक्का म्हणायची, बरं झालं, धंदा तोच राहिला, लोकांना अक्षर दिसायची सोय. पण आज ती विनोदाच्या रंगात नव्हती.

"मला एवढंच कळायला हवं," दादा खुर्चीवर बसत म्हणाले, "की त्या बाईला पहिली आवृत्ती मिळाली कुठून. वाचनालयात चार आहेत, दोन कुणाकडं असतील. पाचवी कुठंच नाही. पाचवी या कपाटात होती. म्हणजे घरातलंच कुणीतरी फितूर आहे."

त्यांनी बेबीकडं पाहिलं. बेबीनं पत्र घडी करून ठेवलं.

"माझ्याकडं बघू नका. ती बाई आमच्या कॉलेजात एकदा भाषणाला आली होती, एवढाच संबंध."

"हं. म्हणजे ओळख आहे."

"भाषण ऐकलं म्हणजे ओळख झाली?"

"तुझ्या बाबांना पोलिसात घ्यायला हवं होतं," अक्का बेबीला म्हणाली. "उगाच छापखान्यात कुजले."

वहिनी आतून चहा घेऊन आल्या. दादांशी लग्न होऊन त्यांना बावन्न वर्षं झाली होती, आणि त्या बावन्न वर्षांत चारचौघांत त्यांनी नवऱ्याचा शब्द खाली पडू दिला नव्हता. आताही कप ठेवता ठेवता त्या म्हणाल्या, "हे म्हणतात ते बरोबरच आहे. घरातलं घरात राहायला हवं होतं." आणि मग, कुणी विचारलं नसताना, "पण कपाट कुणी उघडलं यापेक्षा ओळी कुणी काढल्या हे मोठं नाही का?"

खोलीतल्या सगळ्या माना नानांकडं वळल्या.

नानांना हे केव्हा ना केव्हा होणार हे ठाऊक होतं. पत्र आल्या दिवसापासून त्यांना जेवण गोड लागत नव्हतं. त्यांनी कप बशीत ठेवला.

"मीच काढल्या," ते म्हणाले. "दुसऱ्या आवृत्त्यांची प्रुफं सगळी मीच वाचली. दुसरं कोण काढणार?"

"हे इतकी वर्षं बोलला नाहीस," दादा म्हणाले.

"कुणी विचारलं नाही."

"कुणाच्या सांगण्यावरून काढल्या?"

"कुणाच्याच नाही. वावग्या होत्या."

दादांनी पत्राच्या घडीवर बोट आपटलं. "सात पुस्तकं. सात ओळी. नेमक्या त्याच. आणि तुला काहीच संशय आला नाही? तू, ज्याला लग्नाच्या पत्रिकेत चूक सापडते म्हणून लोक पत्रिका पाठवायला घाबरतात?"

प्रश्न खराच होता, आणि गेले आठ दिवस ते स्वतःला तोच विचारत होते. पहिल्या कादंबरीत नवराबायको स्टेशनवर कायमचे दुरावतात, त्याच्या मधोमध ओळ होती: दूध खाली उतरव गं. दुसरीत भर दुपारी, कडक उन्हात: खिडकी लावा, कागद उडतायत. सातवीच्या अगदी शेवटी, सगळं संपल्यावर: पुरे आज, मान दुखली. एका समीक्षकानं त्या ओळीवर दीड पान लिहिलं होतं, थकलेल्या संस्कृतीचा उद्गार म्हणून. नानांनी ती खोडली तेव्हा त्यांना त्या समीक्षकाची तेवढी कीव आली होती. दुसरं काही मनात आलं नव्हतं. की आलं होतं, आणि त्यांनी तेही खोडलं होतं?

पाचव्या पुस्तकाची गोष्ट मात्र त्यांना स्वच्छ आठवत होती, कारण ते त्यांच्या हातातलं पहिलं काम होतं.

नाना तेव्हा चोवीस वर्षांचे. आप्पांची नजर अधू झाली होती, म्हणून पाचव्या कादंबरीची दुसरी आवृत्ती निघायची ठरली तेव्हा त्यांनी प्रुफं धाकट्याच्या पुढ्यात टाकली. तीन दिवस नाना डोळ्यांत तेल घालून बसले. कोर्टाचा प्रसंग होता. न्यायाधीश निकाल वाचायला लागलाय, आरोपीची आई मागच्या बाकावर बसलीय, सगळं कोर्ट चिडीचूप, आणि तिथं एक ओळ: कपाळ तापलंय त्याचं, ओली पट्टी बदला. आरोपी धडधाकट उभा. कपाळ कुणाचं, पट्टी कुठून आली, काही पत्ता नाही. नानांनी लाल शाईनं एक सरळ, देखणी रेघ ओढली आणि कागद आप्पांकडं नेला.

आप्पांनी तो खिडकीशी धरला, डोळ्यांच्या अगदी जवळ.

"नक्की?" त्यांनी विचारलं.

"वावगी आहे आप्पा. मागं ना पुढं, कशाशी संदर्भ नाही."

"पहिल्या वेळी प्रुफं मी वाचली होती."

"नजरेतून सुटली असेल," नाना म्हणाले. वडिलांची चूक काढताना त्यांचे कान तापले होते, आणि खरं सांगायचं तर आतून जरा बरंही वाटत होतं.

आप्पांनी कागद परत दिला. "तुला वावगी वाटली, तर काढ."

आई दारात उभी होती. कधी आली ते कळलं नव्हतं. डाव्या हातानं पदराचं टोक धरून ती आप्पांकडं बघत होती, नानांकडं नाही. मग ती हसली आणि म्हणाली, "पोरगं कामाचं निघालं."

बाकीच्या सहा पुस्तकांच्या दुसऱ्या आवृत्त्या निघाल्या तेव्हा आप्पांनी काही विचारलंच नाही.

सत्तेचाळीस वर्षं नाना आईचं ते वाक्य शाबासकी म्हणून जपत आले होते. आता ते वाक्य हातात घेऊन फिरवून बघावं तर ते कुठल्याही बाजूनं शाबासकीसारखं दिसेना.

"नाना," दादांचा आवाज मऊ झाला होता, आणि तो मऊ झाला की नानांना जास्त भीती वाटायची, "हे बघ, झालं ते झालं. तू चुका काढल्यास, ते तुझं कामच होतं. संपादकाला तेच सांगू. सांगणारा नाही, उतरवणारा नाही, छपाईच्या चुका होत्या आणि मुद्रितशोधकानं त्या दुरुस्त केल्या. तू सही केलीस की त्या बाईच्या तर्काचे पायच निघाले. तुझ्याइतकी खात्रीची साक्ष दुसऱ्या कुणाची?"

"आणि नाही केली तर?"

"मग माझा बाप चोर ठरेल." दादांनी चहाचा कप दूर सारला. "पोरवयापासून मी त्यांचं बोट धरून सभांना गेलोय. लोक उठून उभे राहायचे. ते सगळं बायकोच्या जिवावर मिरवत होते, असं मी आता या वयात ऐकून घ्यायचं? सांग ना."

दादांचं खोटं नव्हतं. आप्पांवर त्यांच्याइतकी माया कुणीच केली नव्हती.

"अक्का," नानांनी विचारलं, "तू बोल. तू थोरली. दुपारी आप्पा आतल्या खोलीत लिहायला बसायचे तेव्हा आई तिथं काय करायची?"

"आपल्याला काय सांगितलं होतं?"

"की ती त्यांना वाचून दाखवते. मजकूर एकानं वाचायचा, दुसऱ्यानं प्रुफावर बघायचा. छापखान्यातली रीतच ती."

"हो. स्वल्पविराम, पूर्णविरामांसकट. सगळी गल्ली ऐकायची." अक्कानं काठी मांडीवरून उचलून जमिनीवर टेकवली. "मी बाहेर शिवणटिपण करत बसायची. कितीतरी दुपारी. आवाज यायचा तिचा, संथ. मधेच थांबायची, मग आप्पांची लेखणी कुरकुरायची, मग पुन्हा सुरू. एक गोष्ट मला फार वर्षांनी लक्षात आली. पान उलटल्याचा आवाज कधी आला नाही."

दादा म्हणाले, "ऐंशीव्या वर्षी तुला पानाचे आवाज आठवतात."

"आठवत नाहीत. तेच तर सांगतेय."

"मग इतकी वर्षं तोंडाला कुलूप का होतं?"

"तिनं स्वतः कधी म्हटलं नाही, तर मी कोण म्हणणार? नाव त्यांचं घाला असं तिनं सांगितलं, की त्यांनी न विचारता घातलं, मला माहीत नाही. मी दाराच्या अलीकडं होते."

"बघा," दादा सगळ्यांकडं वळले. "हिलाच माहीत नाही."

"मला माहीत आहे," वहिनी म्हणाल्या.

त्या अजून ट्रे हातात धरून दाराशी उभ्या होत्या. दादांनी त्यांच्याकडं असं पाहिलं, जणू घड्याळ अवेळी वाजलं.

"लग्न होऊन आले तेव्हापासून सासूबाईंचे केस मीच विंचरायची. त्यांना एका हातानं जमत नव्हतं. त्या मला विचारायच्या, काय गं, ती विधवा त्या मास्तराला हो म्हणेल का? मला वाटायचं, गल्लीतलं कुणीतरी असेल. मी म्हणायची, नाही म्हणणार, तिला तिचं घर हवंय. पुढच्या वर्षी सातवी कादंबरी आली. त्यात ती नाही म्हणते. माझ्याच शब्दांत." त्यांनी ट्रे टेबलावर ठेवला. "पुस्तक मी दिलं त्या बाईला. किल्ली तुमच्या खिशात असते आणि कपडे मी धुते."

बेबी हसणार होती, पण तिनं आईचा चेहरा पाहिला आणि राहिली.

"तू," दादा म्हणाले. "माझ्या पाठीमागं."

"समोर सांगितलं असतं तर ऐकलं असतं?"

वहिनी आत गेल्या, आणि परत आल्या तेव्हा त्यांच्या हातात पाचवं पुस्तक होतं, जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळलेलं. "परवाच परत आलं," त्या म्हणाल्या आणि ते दादांना न देता त्यांनी नानांच्या पुढ्यात ठेवलं. "भावोजी, तुम्हीच बघा. चुकीचं असेल तर तुम्हालाच कळेल."

नानांनी पान काढलं. शोधावं लागलं नाही. कोर्ट, न्यायाधीश, मागचा बाक, आणि ती ओळ, जिथं होती तिथंच, मथळ्याच्या जाड खिळ्यांत जुळवल्यासारखी ठळक.

"कपाळ तापलंय त्याचं, ओली पट्टी बदला," त्यांनी हळू आवाजात वाचलं.

अक्का खिडकीकडून वळली. "हे पाचव्यात आहे?"

"हो. का?"

"पाचवी छापली कधी?"

नानांनी पहिलं पान उलटून साल सांगितलं. अक्कानं बोटांवर काहीतरी हिशेब केला, पुन्हा केला, आणि मग ती धाकट्या भावाकडं अशी बघायला लागली, की नानांना हातातलं पुस्तक खाली ठेवावंसं वाटलं.

"त्याच्या आदल्या पावसाळ्यात तुला विषमज्वर झाला होता," ती म्हणाली. "सहा वर्षांचा होतास. दादाला मामाकडं पाठवलं होतं, लागण नको म्हणून. तुझी खाट आतल्या खोलीतच टाकली होती, त्यांच्या लिहिण्याच्या टेबलाला लागून. एकवीस दिवस. आई तुझ्याजवळून हलायला तयार नव्हती, आणि काम थांबवायलाही तयार नव्हती."

नानांना त्या तापातलं फारसं आठवत नव्हतं. पाण्याच्या भांड्याचा आवाज. शाईचा वास. आणि एक गोष्ट, संथपणे चाललेली, कुठल्यातरी कोर्टातली, जी ऐकता ऐकता ते झोपत आणि जाग आली तरी ती चालूच असे. मोठेपणी पाचवं पुस्तक पहिल्यांदा वाचताना त्यांना वाटलं होतं, हे आपण आधी कुठंतरी ऐकलंय. त्यांनी ते वाटणं बाजूला सारलं होतं. घरचंच पुस्तक, कानावर पडलं असेल.

"एकदा चूक झाली असती तर मी समजू शकलो असतो," ते म्हणाले. कुणाला उद्देशून म्हणाले ते त्यांनाही ठाऊक नव्हतं. "आप्पा किती सावकाश लिहायचे. एक ओळ दहादा वाचायचे. त्या माणसाकडून सात पुस्तकांत सात वेळा हे सुटेल? आणि प्रुफातही सुटेल? प्रत्येकात एकच?"

"म्हणजे?" बेबीनं विचारलं.

"म्हणजे त्यांनी ती मुद्दाम ठेवली. वर नाव स्वतःचं घातलं, आणि आत तिची एकेक ओळ ठेवून दिली. कुणीतरी विचारावं म्हणून." त्यांनी चष्मा काढला. "आणि मी विचारलं नाही. मी काढल्या."

"हे तुझे तर्क," दादा म्हणाले, पण आवाजातली धार गेली होती. "मग तू काढतोयस म्हटल्यावर ते 'राहू दे' का म्हणाले नाहीत? एवढं जर त्यांना हवं होतं, तर?"

हाच तो काटा होता. आप्पांच्या त्या 'नक्की?'मध्ये काय होतं, आशा की भीती, नानांना सांगता येत नव्हतं. मुलानं ओळखावं असं वाटलं असेल. मुलानं ओळखलं नाही म्हणून सुटल्यासारखंही वाटलं असेल. दोन्ही एकाच वेळी वाटलं असेल. वडिलांवर त्यांनी आयुष्यात कधी संशय घेतला नव्हता, आणि आता घ्यायचा म्हटलं तर कुठल्या बाजूनं घ्यावा हेही कळत नव्हतं.

"ते मलाही माहीत नाही, दादा," ते म्हणाले.

जिन्यावर पावलं वाजली. संपादक दहा मिनिटं आधीच आला होता. तरुण, नम्र, तीन मजले चढून धापा टाकणारा. त्यानं सगळ्यांना नमस्कार केला, पाणी प्यायला, आणि ज्या घरात नुकतंच भांडण झालंय तिथं पाहुणा जितकं कमी बघतो तितकंच बघत म्हणाला, "सह्या झाल्या असतील तर..."

दादांनी पेन घेतलं. पहिल्या रेघेवर सही केली, नेहमीची, लफ्फेदार. मग कागद अक्काकडं सरकवला. अक्कानं तो वाचल्यासारखं केलं आणि नानांकडं सरकवला. "आधी हा करू दे," ती म्हणाली. "साक्ष याची आहे."

नानांनी कागद बाजूला ठेवला. टेबलाच्या खणातून त्यांनी समग्र खंडाची प्रुफं काढली. ती गेला महिनाभर त्यांच्याकडंच होती. पाचव्या कादंबरीतलं कोर्टाचं पान शोधलं. जिथून सत्तेचाळीस वर्षांपूर्वी त्यांनी ओळ काढली होती, तिथं आता काहीच नव्हतं, मजकूर मागून पुढून येऊन इतका नीट मिटला होता की व्रणसुद्धा दिसत नव्हता. त्यांनी तिथं खूण केली आणि समासात, लाल शाईनं, ती ओळ लिहिली. अक्षर लहान मुलासारखं आलं.

दादा बघत होते. उठून कागद ओढून घेता आला असता, इतके ते जवळ बसले होते. ते उठले नाहीत.

"अजून सहा आहेत," नाना संपादकाला म्हणाले. "उद्यापर्यंत देतो. त्या परत आत गेल्याशिवाय मी सही करणार नाही. आणि त्या गेल्या, की मग तुमच्या या कागदावर सही करण्यात अर्थ राहणार नाही."

संपादकानं पान हातात घेतलं. मजकूर वाचला, समास वाचला, पुन्हा मजकूर वाचला. त्याच्या कपाळावर तीच आठी पडली, जी चोविसाव्या वर्षी नानांच्या कपाळावर पडली असणार.

"माफ करा, पण ही ओळ इथं वावगी वाटते," तो म्हणाला. "आरोपी तर उभा आहे. हे कपाळ कुणाचं?"

"माझं," नाना म्हणाले.